चारही चाकं वाळूत
गाडीच्या पाठीवर 'ऑल-व्हील-ड्राइव्ह'चा बिल्ला लागला की मालकाला रस्ता नकोसा होतो. मग अलिबागच्या पुळणीवर, ऐन भरतीच्या तोंडावर, रील काढायला गाडी उतरते. चारही चाकांना ताकद मिळते, कबूल. पण टायर डांबरी रस्त्याचे, त्यात हवा ठासून भरलेली, लो-रेंज गिअरचा पत्ता नाही आणि पोट जमिनीपासून 200 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर वर. मग दोनाऐवजी चारही चाकं एकदिलाने वाळू उपसतात. पोट टेकलं की इंजिनाने कितीही गळा काढो, गाडी ढिम्म! शेवटी धावून येतो गावातला ट्रॅक्टर, तोही बहुधा दोनच चाकांच्या जोरावर. त्याचा भाव आधी ठरवून घ्या. पाणी चढू लागल्यावर घासाघीस चालत नाही.