पोटखराबा

आमचे तात्या तलाठी म्हणून निवृत्त झाले, पण दप्तर काही सुटलं नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं त्याच संध्याकाळी त्यांनी दोनशेपानी वही आणली आणि स्वतःच्या पोटाचा सातबारा मांडला. बेंबीभोवतीची दोन बोटं पोटखराबा, तिथं सुई वर्ज्य. उरलेल्याचे चार गट, त्यांचे पोटहिस्से, दोन टोचण्यांमध्ये बोटभर बांध. पोट बागायत, मांड्या जिरायत. तिथं औषध सावकाश मुरतं.

सकाळी पोहे निवत असतात आणि तात्या बनियन वर धरून बसलेले. गार इन्सुलिन चुरचुरतं म्हणून पेन आधीच फ्रिजबाहेर काढलेलं. स्पिरिट लावलं की वर्तमानपत्रानं वारा घालायचा. "ओल्या रानात औत घालू नये!" मग सुई, मनात दहा अंक, आणि चोळायचं अजिबात नाही.

एकदा लाल चट्टा उठला. काकू हळदीचा लेप घेऊन धावल्या. तात्यांनी हरकत नोंदवली. गार पाण्याची घडी ठेवली आणि बॉलपेननं चट्ट्याभोवती रेघ ओढली. हद्द कायम! वहीत नोंद: 'उजवा वरचा गट. लाली रुपयाएवढी. खाज किरकोळ.' लाली रेघेबाहेर गेली, पू धरला किंवा ताप आला, तर मामला डॉक्टरांच्या कोर्टात. अंगभर पित्त उठलं किंवा दम लागला, तर वही टाकून थेट दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी चट्टा मावळला. तरी आल्यागेल्याला ऐकवणं चालूच: "1922 च्या जानेवारीत टोरांटोत 14 वर्षांच्या पोराला पहिलं इन्सुलिन टोचलं. अर्क अशुद्ध, टोचल्या जागी गळू झालं! शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिलं, तेव्हा गुण आला. माझं काय, नुसती पुळी."

पुढे साखर कारण नसताना वरखाली होऊ लागली. डॉक्टरांनी पोट चाचपलं, तर डाव्या खालच्या गटात मऊ गाठ. वही काढली. वहीत सुई चारही गटांतून शिस्तीत फिरलेली!

"वहीत फिरते हो," काकू म्हणाल्या. "टोचतात रोज तिथंच. दुखत नाही म्हणे. आणि सुई तरी कुठं बदलतात? चार-चार दिवस एकच."

तात्या पंख्याकडे पाहत राहिले. गाठीत टोचलेलं औषध धड मुरत नाही, हे त्यांना पाठ होतं. मलाच दोनदा सांगितलं होतं. डॉक्टरांनी ती जागा काही महिने बंद केली, दर वेळी नवी सुई लिहून दिली आणि डोसही थोडा उतरवला. चांगल्या जागी तेवढंच औषध टोचलं तर साखर एकदम खाली यायची.

घरी येऊन तात्यांनी मुकाट फेरफार नोंदवला: 'डावा खालचा गट, पोटखराबा. पडीक ठेवणे.' खाली तारीख, सही. साक्षीदार म्हणून काकूंची.