आमचे भावी

पुणे जिथे संपतं असं पेठेतली माणसं समजतात आणि जिथे सुरू होतं असं बिल्डर छापतात, त्या दक्षिणेच्या टोकाला आम्ही राहतो. आमच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर भावी राहतात. पांढरा शर्ट, कपाळावर टिळा, दोन्ही हात जोडलेले, पण मनगटातलं कडं झाकलं जाणार नाही अशा बेतानं. वर ठळक अक्षरांत ‘भावी नगरसेवक’. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. त्यांतले निम्मे भावकीतले, आणि उरलेले, ज्यांचं भावींकडून काही येणं बाकी आहे असे.

आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना आहे, पण ते आता सातबारा आणि चेकपुरतंच. एरवी सगळे भावीच म्हणतात. “भावी उठले का?” “भावींच्या कानावर घाला जरा.” त्यांच्या धाकट्या पुतण्यानं शाळेत काकांचा व्यवसाय म्हणून ‘भावी’ असंच लिहून दिलं होतं, आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

यात भावींचा दोष नाही. मागच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रभाग तीन सदस्यांचे झाले, पुन्हा चार सदस्यांचे झाले, आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात तारखा घेत राहिला, कारभार प्रशासकांनी पाहिला, आणि राज्यभरातले भावी होते तिथेच भावी राहिले. नुसतं राहून भागत नाही. दिवाळीला उटणं, कोजागरीला दूध, संक्रांतीला हळदीकुंकू आणि त्यात पैठणीचा खेळ, श्रावणात महिला मंडळाला उज्जैन. निवडून आलेला माणूस एक वेळ खंड पाडेल, भावीला सोय नाही. शेवटी शेवटी तर उटण्याच्या पुडीवरचा फोटो आणि समोरचा माणूस यांच्यात वयाचा फरक दिसायला लागला होता.

खर्च निघतो जमिनीतून. वाडवडिलांची शेती होती. २०१७ मध्ये आसपासची अकरा गावं महापालिकेत आली त्या सुमारास शेतीचे गुंठे झाले. २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं आली आणि पुणं क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झालं. त्या संध्याकाळी भावींनी फटाके वाजवले. विकायचे तेवढे गुंठे विकून झाले, आणि जो सखल तुकडा कुणी घेईना त्यावर भराव टाकून लॉन्स केलं. मंगल कार्यालय, स्टेज, कारंजं, दोन हत्ती. भावींना लॉन्सचा अभिमान आहे. आमच्या भागात पत्ता सांगायची तीच खूण आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आरक्षणाची सोडत निघाली आणि प्रभागातल्या चार जागांपैकी दोन महिलांच्या झाल्या. सर्वसाधारण जागेवर पक्षानं कुणा दुसऱ्यालाच शब्द दिला. फॉर्म भरायची मुदत संपायला आली तेव्हा भावींना निरोप आला, “वहिनींचा फॉर्म भरा.” एका रात्रीत फ्लेक्स बदलले. जोडलेले हात, कडं, टिळा सगळं जागच्या जागी राहिलं. डाव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांपेक्षा जरा मोठा, वहिनींचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो आला.

आमच्या सोसायटीनं क्लबहाउसमध्ये ‘उमेदवार आपल्या भेटीला’ असा कार्यक्रम ठेवला. प्रश्न आधीच ठरले होते: वाहतूक, वाढ आणि ड्रेनेज. चारही पक्षांचे उमेदवार येऊन गेले, पण त्यांच्यात निवड करावी असं फार काही नव्हतं. सगळ्यांच्या पत्रकावर एकच उड्डाणपूल होता. तो परदेशातला असावा, कारण त्यावरच्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालल्या होत्या.

भावी शेवटी आले. मागे वहिनी, त्यांच्या मागे फोटोवाला. उमेदवार वहिनी असल्या तरी माइक भावींनी घेतला.

वाहतुकीवर त्यांचं मत ठाम आहे. ते म्हणजे उड्डाणपूल. चौक दिसला की भावींना त्यावर पूल दिसतो. आमच्यातल्या कुणी तरी म्हणालं, की विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडावा लागला, मेट्रोच्या आड येत होता. भावी जराही डगमगले नाहीत. “पाडला ना? मग तिथं दुमजली बांधायला घेतला का नाही? एका चौकाचा दोनदा विकास झाला, साहेब!” तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलानं मोबाइल काढून वाचून दाखवलं, की टॉमटॉम नावाच्या कंपनीच्या २०२४ च्या यादीत जगातल्या सगळ्यात संथ शहरांमध्ये पुणे चौथं आहे, दहा किलोमीटरला तेहतीस मिनिटं लागतात. भावींनी विचारलं, “वरती आपल्याकडचं कोण?” कोलकाता आणि बंगळूर, असं कळल्यावर ते हळहळले. “म्हणजे पदक थोडक्यात हुकलं. पाठपुरावा करू.”

रस्तारुंदीला त्यांचा मनापासून पाठिंबा आहे. कात्रज-कोंढवा रस्ता कागदावर चौऱ्याऐंशी मीटर होता, २०१८ मध्ये भूमिपूजन झालं, जागा ताब्यात येईनात म्हणून पन्नासवर आणला, याचं त्यांना खरोखर दुःख आहे. आपल्या गल्लीचा रस्ताही मोठा झालाच पाहिजे, असं ते म्हणतात. फक्त तो समोरच्या बाजूनं व्हावा. त्यांच्या बाजूला लॉन्सची कमान आहे.

मुहूर्त असला की त्या कमानीपाशी जे होतं त्याला वाहतूक म्हणता येणार नाही. दोन्ही कडेला गाड्या, मधे घोडा, घोड्यापुढे डीजे, डीजेपुढे नवरदेवाचे मित्र आणि त्यांच्यापुढे पीएमपीची बस. बसचा ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतो. भावी स्वतः शिट्टी घेऊन रस्त्यावर उतरतात आणि ट्रॅफिक सोडवतात. त्याचे फोटो रात्री ग्रुपवर येतात. खाली अंगठे आणि हार.

वाढीबद्दल बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो. “ग्रोथ थांबली नाही पाहिजे,” एवढं इंग्रजी ते खास सोसायट्यांसाठी राखून ठेवतात. वस्तीत गेले की तेच ‘विकास’ होतं. दोन्हीकडे त्याचा अर्थ, ज्यावर पाटी लावता येते ती वस्तू. बाक, कमान, ओपन जिम, सोसायटीच्या नावाचा बाणवाला फलक, कापडी पिशवी, ओल्या-सुक्याच्या बादल्या. निवडून आलेल्यांना यासाठी ‘स’ यादीतून निधी मिळतो. भावींना लॉन्स मिळवून देतं. आमच्या गेटासमोरचा बाक त्यांचाच आहे. ‘यांच्या संकल्पनेतून’ असं पाठीवर लिहिलेलं आहे. बसायची कल्पना मानवजातीला आधीही सुचली असावी, पण आमच्या प्रभागात ती नोंदवली भावींनी.

आणि इथेच ड्रेनेज मार खातं. गटाराला फीत बांधता येत नाही. कापायला पाहुणा बोलवावा तर तो उभा कुठे करायचा? लाख लाख रुपये जमिनीत जातात, वर माती आणि डांबर पडतं, आणि सहा महिन्यांनी तिथे काही झालं होतं हे फक्त खड्ड्यावरून कळतं. मतदार वर बघून मत देतो, असा भावींचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. पंधरा वर्षं चोख वाहणाऱ्या पाइपाबद्दल आम्ही तरी कधी कुणाचे आभार मानलेत?

आमच्या रस्त्याची तर गोष्टच निराळी. त्यावर डांबराचे थर इतके वेळा चढले, की सोसायटीचं गेट आता रस्त्याच्या खाली आहे आणि पहिला पाऊस पाहुण्यासारखा थेट पार्किंगमध्ये येतो. पावसाळी गटाराची जाळी आहे, नाही असं नाही, पण ती रस्त्याच्या उंच बाजूला आहे. पाणी साचतं सखल बाजूला. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई होते, गाळ काढून काठावरच रचला जातो, जूनमध्ये तो आपला आपण परत जातो. मग पावसानं जोर धरला की कुणी तरी पहार आणतं आणि मैलावाहिनीच्या चेंबरचं झाकण उचकटतं. दहा मिनिटांत रस्ता मोकळा. पंधराव्या मिनिटाला खालच्या गल्लीत तळमजल्याच्या न्हाणीघरातून ते सगळं वर येतं. तिथली माणसं मग त्यांच्याकडचं झाकण काढतात.

ती पहार बहुधा भावींची असते, आणि ती धरणारे हातही त्यांचेच. हे मान्य करायला पाहिजे. रात्री दोनला फोन केला तरी माणूस येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. त्या रात्री भावी ट्रॅक्टर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले आणि पहाटेपर्यंत बायकामुलांना बाहेर काढत होते. तेव्हा फोटोवाला बरोबर नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिचडी शिजवली. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला पाडता तरी आलं असतं.

क्लबहाउसमध्ये ड्रेनेजचा विषय निघाला तेव्हा तळमजल्यावरचे काका उठले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी विचारलं, “तुमच्या पत्रकात नवीन पावसाळी लाइन आहे. तिला उतार किती देणार?”

“उतार लागेल तेवढा देऊ, काका,” भावी म्हणाले. “मंजुरीचं माझ्याकडे लागलं.”

काका पिशवीतून गावनकाशाची जुनी प्रत घेऊनच आले होते. ती त्यांनी कॅरमबोर्डावर पसरली. डोंगराकडून निघालेली ओढ्याची नागमोडी रेघ, तिच्यावर काकांचं बोट. बोट शाळेवरून आलं, देवळाला वळसा घालून आलं आणि लॉन्सच्या कारंज्यावर थांबलं. क्लबहाउसमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“काका, नकाशा जुना आहे,” भावी शांतपणे म्हणाले. “ओढा आता तिथं राहत नाही.”

“मग कुठं राहतो?”

“पाइपात. दोन फुटी टाकलाय, माझ्या स्वखर्चानं.”

काकांनी चष्मा काढून पुसला. नकाशावर ओढ्याची रुंदी वीस फूट होती. वीस फुटांचं पाणी दोन फुटांत कसं जाणार, असं त्यांनी विचारलं नाही. निवृत्त माणूस हिशेब समोर मांडतो आणि खाली बसतो. सेक्रेटरींनी घाईघाईनं चहा मागवला.

चहाच्या गडबडीत बायकांनी वहिनींना घेरलं. कुणी तरी विचारलं, निवडून आल्यावर सगळ्यात आधी काय करणार? वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, ते फोटोत होते. मग त्या म्हणाल्या, “जाळी उंचावर आणि पाणी खाली. पाणी काय चढून जाणार आहे का? पहिली जाळी खाली घ्यायची. आणि आमच्या कारंज्याखालचा तो पाइप काढायचा. पावसाळ्यात ते पाणी माझ्या स्वयंपाकघरात येतं. मी बादल्यांनी काढते, हे रस्त्यावर झाकणं काढत फिरतात.”

भावी कपासकट धावत आले. “तसं नाही, हिला म्हणायचंय, या विषयाचा सविस्तर डीपीआर करू.” वहिनींनी पदर सारखा केला आणि बशीतलं बिस्किट घेतलं. तेवढा वेळ सोडला तर त्या पूर्ण प्रचारात काही बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

१५ जानेवारीला मतदान झालं. मी चार बटणं दाबली, त्यांतलं एक वहिनींचं होतं. आमच्या इमारतीतल्या बहुतेक बायकांनीही तेच केलं, आणि कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. वहिनी निवडून आल्या. गुलाल भावींनी उधळला, हार भावींच्या गळ्यात पडले, मिरवणुकीनं रस्ता तीन तास बंद होता.

नगरसेविकेचा मोबाइल नंबर आता गेटावर लावला आहे. त्यावर फोन केला की भावी उचलतात आणि विषय मार्गी लावतात. म्हणून आमच्या प्रभागातल्या लोकांना एक सांगून ठेवतो: जाळीची, चेंबरची किंवा ओढ्याची तक्रार असेल तर सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान फोन करा. तेव्हा भावी आंघोळीला गेलेले असतात आणि फोन वहिनी घेतात.