सहासष्ट भोकं आणि दोन अंगठे

चांगल्या फळीला भोक पाडलं की बघणाऱ्याचा जीव हळहळतो. शेजारच्या काकू पहिल्या भोकाला नुसतं ‘अगंबाई’ म्हणाल्या. पहिली ओळ पुरी होईपर्यंत त्यांनी फळीकडे बघणं सोडलं आणि माझ्या बायकोकडे कणवेने बघायला सुरुवात केली.

फळी म्हणजे माझ्या नव्या कामाच्या टेबलाचा माथा. चार फूट बाय अडीच फूट. 18 मिलिमीटरच्या प्लायवुडचे दोन थर फेविकॉल लावून एकावर एक दाबलेले, म्हणजे जाडी 36. त्यात 20 मिलिमीटर व्यासाची 66 भोकं, अकरा-अकराच्या सहा ओळी, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर 96 मिलिमीटर. भोकांत खुंट्या घालायच्या आणि खुंट्यांना लाकूड टेकवायचं. मग रंधा मारताना ते पळत नाही आणि कापताना काटकोन शोधावा लागत नाही. 20 आणि 96 हे आकडे फेस्टूल नावाच्या जर्मन कंपनीच्या टेबलाचे. जगभरचे हौशी सुतार आता तेच आकडे धरून चालतात, आणि मी फुलसावंगीत राहतो म्हणून जगाच्या मागे का राहावं?

सागासाठी नावाजलेल्या जिल्ह्यात राहून प्लायवुड, हा टोमणा मी ऐकून घेतला. पण अखंड लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. म्हणजे मे महिन्यात पाडलेलं गोल भोक ऑगस्टात लंबगोल. प्लायवुडचे पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. ते एकमेकांना हलू देत नाहीत.

टेबल ओसरीत असल्यामुळे ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला मत होतं. कुणाला ती कूलरची बाजू वाटली, कुणाला मिरचीची रोपं लावायचा ट्रे. एका माजी विद्यार्थ्याने विचारलं, “सर, कॅरम बनवून राह्यले काय?” मग भोकं मोजून तो काळजीत पडला, की इतक्या सोंगट्या आणायच्या कुठून.

वेडा मात्र मला कुणी म्हटलं नाही. घरच्या पत्र्याखाली खटपट करणाऱ्याला हसताना आमच्या गावची जीभ जरा अडखळते. ऑगस्ट 2021 मध्ये इथल्याच एका तरुण वेल्डिंग कारागिराचा, स्वतःच्या हाताने बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना, पंख्याचं पातं तुटून डोक्याला लागल्याने मृत्यू झाला. शाळा आठवीत सुटलेला मुलगा. तेव्हापासून कुणी काही बनवताना दिसलं, की लोक थांबतात, बघतात, आणि जाताना ‘जपून करा’ म्हणतात. मलाही म्हणाले. माझं टेबल उडणारं नाही, हे सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी नुसती मान हलवली.

हसला तो एकटा मिस्त्री. त्याला तो हक्क आहे, कारण गावातली निम्मी दारं त्याने बसवलीत.

“सर, इतके भोकं कायले?”

“लाकूड धरायला.”

“मंग पाय कायले देले देवानं?”

हा प्रश्न शब्दशः घ्यायचा. मिस्त्री जमिनीवर बसतो, फळी दोन्ही तळव्यांत धरतो, अंगठ्याने टोक दाबतो आणि पटाशी चालवतो. फळी फिरवायची असेल तर पाय फिरवतो. युरोपातला सुतार उभ्याने काम करत आला, म्हणून त्याला टेबल लागलं, टेबलाला भोकं लागली. फ्रान्समधल्या रूबो नावाच्या सुताराने 1769 पासून सुतारकामावर जाडजूड ग्रंथ छापले, त्यातल्या टेबलाच्या चित्रातही भोकं आहेत. मला मिस्त्रीसारखं तासभर मांडी घालून बसता येत नाही आणि माझा अंगठा सँडलचा पट्टा सोडून कशालाच धरत नाही. म्हणून माझी बाजू रूबोची.

मापावरून आमचं खरं वाजलं. मिस्त्रीचं जग सुतात चालतं. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. त्याने 96 मिलिमीटर मनातल्या मनात उलटवून सांगितलं, “पावणेचार इंच. अन् पाव सूत, थे सोडून द्या.”

“सोडून कसं देता? पाऊण मिलिमीटर होतं ते. दहा वेळा सोडलं की साडेसात झालं.”

“सगळेच भोकं सारखे चुकले, त चुकलं कोठी?”

मी गप्प झालो. भूमितीच्या हिशेबाने हे म्हणणं बिनतोड आहे. अंतर 96 असो की सव्वापंचाण्णव, सगळीकडे तेच असेल तर काटकोन काटकोनच राहतो. घात होतो तो एक भोक इकडे आणि दुसरं तिकडे सरकलं तर. 96 चा हट्ट फक्त त्या मापाच्या विकतच्या पट्ट्या आणि रूळ बसावेत म्हणून. ते मी घेतलेले नाहीत. घेणारही नाही, किंमत बघितली आहे. तरीही मी 96 च ठेवलं.

काटकोनाचं गणित मात्र इथलंच निघालं. घराचा पाया आखताना गवंडी 3, 4 आणि 5 फुटांची दोरी ताणून काटकोन धरतो. शुल्बसूत्रांतल्या यज्ञवेद्याही दोरी आणि खुंट्या घेऊनच आखायच्या. इंग्लंडातल्या पीटर पार्फिट या गृहस्थांनी तेच भोकं पाडलेल्या पट्ट्यांत बसवलं आणि सुतारांसाठी विकायला आणलं. पट्टीवर दर 96 ला बारीक भोक. कडेला पहिली ओळ पाडून घ्यायची. कोपऱ्यातल्या भोकात एका पट्टीचं टोक, तिथून चार घरं पुढे दुसऱ्या पट्टीचं टोक. पहिलीचं तिसरं घर आणि दुसरीचं पाचवं घर जिथे एकावर एक येतं, तिथे पिन. झाला काटकोन, गुण्याला हात न लावता.

पट्ट्या मी तालुक्याच्या गावी कापून घेतल्या. तिथे संगणकावर चालणारं एक मशीन दिवसभर देवघरांच्या जाळ्या कापत असतं. मुलाने माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं, “निस्ते गोल?” म्हणाला, आणि मधात ॐ टाकून देऊ का असं विचारलं. पैसे तेवढेच लागणार होते. मी नाही म्हटल्यावर त्याने दुसराही प्रश्न विचारला: अख्खा माथाच मशीनवर टाका, चहा पिऊन होईपर्यंत सगळी भोकं पडतात, मग घरी कायले पाडता? विनासाखरेचा हवाय एवढं सांगून मी चहाचा विषय तिथेच संपवला.

आधी सगळीकडे 3 मिलिमीटरची भोकं, मग त्यांवर 20 ची. खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून, नाहीतर बिट बाहेर पडताना प्लायचा तळ फाटून निघतो. ड्रिल सरळ ठेवायला लाकडाचा ठोकळा. तो हवाच, कारण ड्रिल एक अंशाने कललं तरी 36 मिलिमीटर उतरेपर्यंत भोक सहा दशांश मिलिमीटर बाजूला जातं. आणि खुंटी भोकात ठासून बसली पाहिजे. सहा सुती, म्हणजे 19 मिलिमीटरची खुंटी 20 च्या भोकात घातली तर ती मिलिमीटरभर डुलते. शेजारशेजारच्या दोन खुंट्यांना टेकवलेली पट्टी मग दहा घरं पुढे जवळजवळ सेंटिमीटरभर तिरकी जाते. खुंट्या लांबलांब लावल्या तर तेच डुलणं फारसं जाणवत नाही. ही खुबी मला फार आवडली. मी ती काकूंनाही सांगितली.

पोळा जवळ आला तसा मिस्त्रीच्या अंगणात पाऊस शिरला आणि तो तान्ह्या पोळ्याचे अर्धवट नंदी पोत्यात घालून माझ्या ओसरीत आला. चाकांच्या आसाची भोकं राहिली होती. ती वाकडी पडली, तर पोराने दोरी ओढताच नंदी गटाराकडे वळतो. मी उत्साहाने खुंट्या काढल्या, तीन भोकांत ठोकल्या, नंदीची पाटी टेकवून दाखवली. हलली नाही. मिस्त्रीने मान डोलावली, “झ्याक हाय,” म्हणाला, खुंट्या उपटून जपून एका बाजूला ठेवल्या, टेबलावर चढला, मांडी घातली, पाटी अंगठ्यांत धरली आणि गिरमिट फिरवायला लागला.

त्याचं लक्ष नसताना मी एक नंदी फरशीवर ढकलून पाहिला. भिंतीपर्यंत सरळ गेला.

काम आटोपून मिस्त्री खाली उतरला, वाकून टेबलाखाली पाहिलं आणि पहिल्यांदाच मनापासून बोलला, “भोकं कामाचे हायेत, सर. भुसा सगळा खाली जाते.”