जुनी जीप घरच्या घरी उभी करा!

गॅरेजच्या भाषेत ‘गाडी उभी करणे’ म्हणजे मोडीत निघालेली गाडी पुन्हा चालती करणे. घरच्या भाषेत त्याचा अर्थ जरा वेगळा होतो. खालील सूचना तंतोतंत पाळल्यास दोन्हींपैकी एक अर्थ तुमच्या बाबतीत खरा होईल, ही आमची हमी.

१. गाडी शोधा. नवशिक्यांनी विलीज जीपच घ्यावी. कुणाच्या तरी मळ्यात, बाभळीखाली ती असतेच. बाभूळ गाडीच्या आतून उगवली असेल तर उत्तम. गाडी फार फिरलेली नाही याचा तो पुरावा. मालक म्हणेल, “चालू कंडिशन आहे, फक्त बॅटरी नाही.” विश्वास ठेवा. आणखी काय काय नाही ते घरी आल्यावर सावकाश कळेल. शिवाय “आमच्या आजोबांची आठवण आहे हो,” असंही तो म्हणेल. आठवणीचे पैसे वेगळे लागतात.

२. इतिहास तयार ठेवा. तुमची जीप दुसऱ्या महायुद्धात लढलेली आहे. प्रत्येकाची असते. एखादा चोखंदळ पाहुणा मात्र पुढच्या जाळीच्या फटी मोजेल. युद्धातल्या विलीजच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी होत्या, नंतरच्या सीजेला, म्हणजे नागरी जीपला, सात. बोनेट उंच असेल तर ती सीजे-३बी, आणि ते मॉडेल १९५३ साली आलं. महायुद्ध १९४५ लाच आटोपलं होतं. महिंद्रांनी भारतात विलीज जोडायला सुरुवात केली तीही १९४७ साली. तेव्हा तुमची गाडी रणांगणावर नसून वडापला असण्याची शक्यता दाट आहे. नऊ जणांच्या गाडीत एकोणीस माणसं, दोन शेळ्या आणि टपावर गुळाच्या ढेपा. हे सांगायला लाजू नका. तेही युद्धच होतं.

३. घरची परवानगी. “दिवाळीपर्यंत रस्त्यावर येईल,” एवढंच म्हणा. कुठल्या दिवाळीपर्यंत, हे विचारलं जाईपर्यंत बोलू नका.

४. गाडी खोला. हे काम कुणालाही जमतं, म्हणून सगळे इथपर्यंत येतात. सुटे भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवा. डब्यांवर चिठ्ठ्या लावू नका. सगळं लक्षात राहतं. गंजलेला बोल्ट निघत नसेल तर त्यावर रॉकेल घालून रात्रभर मुरू द्या. सकाळी पाना लावून जोर करा. बोल्ट तुटेल. त्याला ड्रिल मारा. ड्रिलचं पातं आत तुटेल. आता मिस्त्रीकडे जा.

५. मिस्त्री. त्यांना ‘उस्ताद’ म्हणा. ते गाडीभोवती एक फेरी मारतील, तंबाखू मळतील आणि विचारतील, “खोललीच कशाला?” या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही, तुम्हीही देऊ नका. त्यांनी “दोन दिवसांत देतो” म्हटलं की कुठले दोन, हे विचारणं उद्धटपणाचं समजतात.

मात्र इंजिनाचं काम समजून घ्या, कारण बिल त्याचंच येतं. सीजे-३बीचं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, साधारण २.२ लिटरचं. यात हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. सून माडीवर, सासू ओट्यावर. घर चालतं, पण दोघींच्या वेळा जुळवायला अनुभवी माणूस लागतो. व्हॉल्व्ह वर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि ते मावावं म्हणून बोनेट उंच करावं लागलं. हे उंच बोनेट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. हा आकडा पाठ करा. गाडी चालू झाली नाही तरी लोकांना म्हणून दाखवता येतो.

आणि हो, मूळ रचनेत पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालीच असते. विड्या सोडण्यासाठी यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

६. स्पेअर पार्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जा. हवा तो पार्ट मिळणार नाही. पण पितळी कंदील, अर्धी सायकल आणि दुसऱ्याच गाडीचा स्पीडोमीटर घेऊन याल. विक्रेता ‘ओरिजिनल’ म्हणाला की किंमत दुप्पट होते, ‘ओरिजिनलसारखा’ म्हणाला तर तो माणूस प्रामाणिक आहे. त्याच्याशी संबंध ठेवा.

७. डेंटिंग-पेंटिंग. जिथे पत्रा नाही तिथे लांबी भरा. लांबी वाळली की घासा, पुन्हा भरा. चुंबक कुठेच चिकटेनासं झालं की बॉडी तयार झाली असं समजावं. खिशात चुंबक घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना ओट्यावरच चहा द्या.

८. कागदपत्रं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी, इंजिन-चेसिसमध्ये मोठे बदल नकोत. परवडत नाही म्हणून कुणी मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं असेल, तर त्या व्यवहारी पूर्वजाला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवा.

अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. घाबरू नका. पेट्रोल आणि दुरुस्ती यांखेरीज ती कुठे जाणारच नव्हती. सरकारने तुमचा दिनक्रम राजपत्रात छापला, इतकंच.

९. जोडणी. जोडून झाल्यावर मूठभर बोल्ट उरतील. कंपनीने जादा लावले होते.

आमची जीप २०१४ पासून उभी आहे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो. उन्हाळ्यात बोनेटवर कुरडया वाळत घालतात. बोनेट उंच असल्यामुळे कुत्र्याचं तोंड पोचत नाही.