चिरंजीवांच्या खोलीविषयी सविस्तर खुलासा

तीर्थस्वरूप अण्णा व सौ. आई यांच्या चरणी इंग्लंडमधील रेडिंगनिवासी कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. चि. नातवाच्या राहण्याची सोय लंडनमध्ये झाली असून, ति. अण्णांसारख्या निवृत्त प्राध्यापकांना त्रोटक मजकूर रुचत नाही हे मागील पत्रावरील तांबड्या शाईच्या शेऱ्यांवरून स्पष्ट झाल्यामुळे, सदर खुलासा प्रबंधाच्या शिस्तीने, म्हणजे व्याख्येपासून, सुरू करणे इष्ट ठरते. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत 'कॉट बेसिस' या नावाने जी पद्धत रूढ आहे, म्हणजे विद्यार्थ्याने खोली न घेता खोलीतील एका खाटेपुरते भाडे भरावे, तिचा लंडनमधील सुधारित प्रकार असा की, खाटेभोवती चार भिंती उभारल्या जातात आणि त्या रचनेस 'बॉक्स रूम' म्हटले जाते. या खोलीत पलंग आणि अभ्यासाचे टेबल या दोन्ही वस्तू मावतात, मात्र विद्यार्थी त्यांपैकी कोणत्याही एकीवरच आढळतो, कारण उभे राहण्यास उरलेली जागा बॅगेने व्यापली आहे.

सख्ख्या काकाचे घर असताना पोराने भाड्याने का राहावे, हा सौ. आईंचा आक्षेप मूलगामी असून त्याचे अधिकृत उत्तर रेल्वेचा पास हे आहे. रेडिंगहून लंडनला रोज जाण्यायेण्याचा खर्च पाहता बचतीचा युक्तिवाद टिकत नाही. अनधिकृत उत्तर असे की, रात्री दोन वाजता भूक लागणाऱ्या आणि सकाळी अकराला उजाडणाऱ्या पुतण्यास काकूंचे घड्याळ मानवले नाही, आणि काकूंसही त्याचे.

भाड्याबाबत ति. अण्णांचा हिशेब चुकला आहे, हे नम्रतेने नोंदवावे लागते. लंडनमध्ये भाडे पुष्कळदा आठवड्यावर सांगितले जाते, आणि आठवड्याला २०० पौंड म्हणजे महिन्याला ८०० असे समजणारा मनुष्य फसतो. वर्षाचे बावन्न आठवडे बारा महिन्यांत वाटले असता रक्कम सुमारे ८६७ पौंड होते. अनामत रकमेवर मात्र कायद्याचा अंकुश आहे: २०१९ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये सर्वसाधारण भाड्याच्या घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, शिवाय अन्य कायद्यानुसार ती मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते, जे ऐकून पुण्यात तीन घरमालकांकडे अनामत सोडून आलेल्या चि. नातवास इंग्रजांविषयी प्रथमच आदर वाटला.

तथापि खरा पेच पैशाचा नसून ओळखीचा होता. सांगलीत खोली मागणाऱ्यास 'गाव कुठलं, आडनाव काय, कुणाचा तू' असे विचारतात, आणि बोलता बोलता तासगावचा किंवा कराडचा एखादा समाईक पाहुणा निघाला की किल्ली हातात पडते. लंडनमध्येही हाच प्रश्न विचारला जातो, फक्त त्याचे उत्तर कागदावर द्यावे लागते. भाडेकरूस देशात राहण्याचा हक्क आहे की नाही हे तपासणे घरमालकावर बंधनकारक असल्याने सरकारी संकेतस्थळावरून 'शेअर कोड' काढून द्यावा लागतो (याचा शेअर बाजाराशी संबंध नाही, तरी ति. अण्णांनी त्यात गुंतवणूक करू नये), आणि त्यापाठोपाठ 'गॅरंटर' मागितला जातो, म्हणजे पतसंस्थेच्या परिभाषेतील जामीनदार, जो बहुधा ब्रिटनमध्येच राहणारा आणि कमावता असावा लागतो. ज्या जिल्ह्यांत जामीनदार होणे हा नातेसंबंध संपवण्याचा खात्रीचा मार्ग मानला जातो, तेथून आलेल्या काकांनी सही केली खरी, परंतु सही करताना पेन बराच वेळ कागदाच्या वर राहिले, असे काकूंचे निरीक्षण आहे.

'कुणाचा तू' या प्रश्नाची दुसरी बाजूही येथे नोंदवली पाहिजे, कारण समाईक पाहुणा न निघणाऱ्याचे काय, याचे उत्तर त्या मायाळू पद्धतीपाशी कधीच नव्हते. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पुढे लंडनमध्ये शिकताना १९२१-२२ च्या सुमारास ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले, आणि तीच वास्तू महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, म्हणजे तो प्रश्नच रद्द केला, आणि त्यापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. चि. नातवाने किंग हेन्रीज रोडवरील ते घर बाहेरून पाहिले असून, त्यानंतर बॉक्स रूमविषयीची त्याची तक्रार काही दिवस बंद होती.

सध्याच्या घरात पाच विद्यार्थी, एक स्वयंपाकघर आणि एक शीतकपाट असून त्यातील मधला कप्पा सांगलीकडे आहे. कांदा-लसूण चटणीची बरणी प्रारंभी संशयाने पाहिली गेली. आता ती रात्रीतून कमी होते आणि कोणी कबूल होत नाही. घरावर एकच संकट घोंघावत आहे. ज्या घरात सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असतात, त्यास 'कौन्सिल टॅक्स', म्हणजे आपल्याकडील घरपट्टीसदृश कर, माफ असतो. परंतु एक जरी रहिवासी शिक्षण संपवून नोकरदार झाला तरी घराच्या नावे बिल येते, आणि त्यात केवळ पंचवीस टक्के सूट मिळते. पाचांपैकी एकाचे शिक्षण संपले आणि गेल्या आठवड्यात त्यास नोकरी लागली. त्याच्या घरी पेढे वाटले गेल्याचे कळते. येथे मात्र इतर चौघे त्याला दुसरी खोली शोधून देण्यात गुंतले आहेत, आणि त्यास जामीनदार म्हणून काकांचे नाव सुचविण्यात आले आहे.

कळावे. पुढील पार्सलात भडंग कमी व चटणी जास्त असावी. आशीर्वाद असावेत, ही विनंती.