फोन न करता या

तिवस्यात संध्याकाळी घरी निवांत बसायचं ठरवणं सोपं, बसायला जागा मिळणं अवघड. खाटेवर मांजर पसरलेलं असतं. आरामखुर्ची आजोबांची. प्लास्टिकच्या एका खुर्चीत वाळलेल्या कपड्यांचा ढिगारा, आणि उरलेल्या खुर्चीत "पाचच मिन्टं बसतो" म्हणून तासाभरापूर्वी टेकलेले शेजारचे काका. ज्याच्या नावावर घर आहे तो उंबरठ्यावर बसतो.

गाव नागपूर-अमरावती महामार्गावर. जुन्या माणसांच्या तोंडी हा रस्ता अजून 'सहा नंबर' आहे, कागदोपत्री तो आता ५३ झाला. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघून थेट ओडिशातल्या पारादीप बंदराला जातो. त्यामुळे जग पाहायला तिवसेकराला कुठे जावं लागत नाही, जगच हॉर्न वाजवत जातं. घरचा शेरू या ट्रकांवर कधीच भुंकत नाही. तो भुंकतो काकांवर, जे गेली कित्येक वर्षं रोज येतात.

साडेसहाच्या सुमाराला भोंग्यावर प्रार्थना लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला ती मोझरी याच तालुक्यातली. सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा पाठ त्यांनी गावोगाव घालून दिला. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धीपासून गोवंश सुधारापर्यंत गावाचा सगळा विचार आला आहे. भोंगा लागल्यावर गल्लीतल्या कुत्र्यांचं काय करायचं, ते मात्र ज्याचं त्याने पाहावं. लांब ओढलेला सूर कानी पडला की आपलाही सूर त्यात मिसळायचा, ही त्यांची लांडग्यांपासून चालत आलेली खोड. शेरू मान वर करून असा काही आलाप घेतो की नातवंडं लोळतात. आजी तेवढी गंभीर असते. "हासू नोका. त्याले बी देव हाये."

खरी शांतता या तालुक्यात वर्षातून एकदाच येते. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन राखून त्यांना श्रद्धांजली वाहतो. एवढी माणसं एका जागी एका वेळी गप्प राहू शकतात, हे डोळ्यांनी पाहिलेल्यांनाच पटतं. घरी परतल्यावर तीच माणसं एकाच वेळी बोलायला लागतात, आणि जो तो दुसऱ्याला म्हणतो, "तू आयकून तं घे."

डिसेंबर लागला की या बोलण्याला हातचं काम मिळतं. शेतातून तुरीच्या हिरव्या शेंगांचं पोतं येतं. काही शेंगा मीठ घालून उकडायच्या, बाकीच्यांचे सोले काढायचे. उद्या सोले-वांग्याची भाजी, परवा सोलेभात, असा बेत आजीने तूर फुलावर असतानाच ठरवलेला असतो. मधोमध टोपलं ठेवून सगळे गोल बसतात. टोकाला नख दाबायचं, शिवण उकलायची, आतून अंगठा फिरवायचा, की तीनचार हिरवे दाणे ताटलीत टपटपतात. आजीचा अंगठा शिलाई मशीनसारखा चालतो, नजर टीव्हीवरच्या मालिकेत असते आणि तोंडाने सुनेला फोडणीच्या सूचना. नातवाच्या ताटलीत पंधरा मिनिटांनंतरही सात दाणे. काकांच्या ताटलीत एकही नाही, कारण ते सोलतात तसे खातात. विचारलं तर म्हणतात, "कवया हाय का पायत होतो."

मग ठरलेली घटना घडते. एका शेंगेतून अळी निघते. शेंगा पोखरणारी ही अळी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची जुनी वैरीण. तिच्यावर फवारण्या झाल्या, कृषी विद्यापीठाची पत्रकं निघाली, मेळावे झाले, तरी ती दर हंगामात एखाद्या शेंगेत आरामात बसलेली सापडते, आणि सापडते ती नेमकी पुण्याहून सुट्टीवर आलेल्या पोट्टीलाच. "अयी निंगाली!" पुण्यात 'अळी' म्हणणाऱ्या या मुलीच्या तोंडून घाबरल्यावर बरोबर 'अयी' बाहेर पडते. ताटली उडते. खाटेवरचं मांजर, जे दिवसभर मेल्यासारखं पडलं होतं, एका झेपेत अळीवर. शेरू मांजरावर. टोपलं पालथं. सोलले, बिनसोलले, टरफलं, सगळं एक. या गोंधळात काका शांतपणे उठतात आणि रिकाम्या झालेल्या खाटेवर जाऊन आडवे होतात.

"आता निवडा पयल्यापासून," आजी म्हणते. पुढे कुणाला उद्देशून काय म्हणते ते छापण्याजोगं नसतं.

जेवणाच्या वेळी शेरू आजोबांच्या पुढ्यात बसून त्यांच्या डोळ्यांत बघत राहतो. या बघण्यावर जपानच्या आझाबू विद्यापीठात संशोधन झालं आहे. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे टक लावून पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच, असं त्या संशोधकांनी २०१५ साली मांडलं. नातीने हे मोठ्या कौतुकाने मोबाईलवरून वाचून दाखवलं. आजोबांनी घास थांबवून ऐकून घेतलं. "तो माह्या डोयात नायी पायत, बाई. तो पोयीकडे पायते. पोयी डोयासमोर आली मनून डोये दिसले." त्यांनी अर्धी पोळी शेरूला टाकली आणि संशोधन तिथेच संपलं.

मांजराची गोष्ट आणखी अवघड. मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखायला लागणारं जनुक त्याच्यात बिघडलेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं. घरच्या सुनेला हे मान्य नाही. "गोड समजत नाही तं बासुंदीत तोंड कायले घातलं?" मलईसाठी, हे उत्तर बरोबर आहे, पण बासुंदी टाकून द्यावी लागलेल्या बाईपुढे ते देण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

नात जेवण झाल्यावर म्हणते, "मी देवळात जाऊन येते," आणि आजोबांच्या भुवया वर जातात. त्याला कारण आहे. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर याच तालुक्यात येतं, आणि ते रुक्मिणीचं माहेर. तालुक्याची सर्वांत नावाजलेली लेक देवीच्या दर्शनाला म्हणून घरून निघाली आणि थेट द्वारकेला पोहोचली. तिची पालखी आजही दर आषाढीला इथून पंढरपूरला पायी जाते. असा इतिहास असलेल्या तालुक्यात पोरगी रात्री देवळात निघाली तर आजोबा "लवकर ये" एवढंच म्हणतात, पण शेरूला मागे लावून देतात.

राहता राहिले काका. त्यांची 'पाच मिन्टं' इतकी लांबतात याचं कारण गप्पा नव्हे, लाईन. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. घरी गेलं तर डोळा लागेल, म्हणून ते इथे बसून राहतात. मोटार आता मोबाईलवरून सुरू होते खरी, पण स्प्रिंकलरचे पाइप अजून कुणाचा फोन उचलत नाहीत. थंडीत पारा दहा अंशांच्या आसपास आलेला, पायाखाली सापाची भीती, अंधारात रोही आणि रानडुकरं. गावातली अर्धीअधिक माणसं रजईत असताना हा माणूस कानाला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन उठतो. यात हसण्यासारखं काही नाही. दिवसाची लाईन मागणारे शेतकरी उगाच मागत नाहीत. काकांच्या पाच मिनिटांवर घरात कुणी कधी बोलत नाही ते यामुळेच. सून न विचारता चहा ठेवते, आजी उकडलेल्या शेंगा कागदात बांधून खिशात कोंबते. काका निघाले की शेरू भुंकतो. खाट पुन्हा मांजराची होते.

तुरीच्या ओल्या शेंगांचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. त्या दिवसांत तिवस्याकडून जाणं झालं तर कुणाच्याही घरी जरूर उतरा, पण आधी फोन करू नका. फोन केला की घर आवरलेलं मिळतं, समोर बिस्किटांची बशी येते आणि सगळे शुद्ध भाषेत बोलायला लागतात. न सांगता गेलात तर ताटली हातात मिळेल. "जेवून आलो" हे वाक्य तेवढं पाठ करून जाऊ नका, त्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. आणि खाट रिकामी दिसली तरी बसण्याआधी गोधडी उचलून बघा.