मीटरला आलेला घाम

नवी मोटारसायकल घरी आल्याच्या नवव्या दिवशी तिला घाम फुटला.

सकाळी ऑफिसला निघताना मीटरच्या काचेवर पाणी दिसलं म्हणून रुमालाने पुसलं. गेलं नाही. रुमालाची घडी बदलून पुन्हा पुसलं. तरी गेलं नाही. आता सांगायला हरकत नाही, मीटरवरचा प्लास्टिकचा पापुद्रा मी तोवर काढलेला नव्हता. आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटला सहा वर्षं पिशवी आहे, तिथे लाखभराच्या गाडीचा पापुद्रा नऊ दिवसांत कोण काढेल? पण ओल त्यातच कोंडली असणार, असं हिचं मत पडलं आणि तिने कोपरा नखाने उचलून एका ओढीत तो काढून टाकला. मला बाळाचं जावळ काढताना होतं तसं काहीतरी झालं. काच लख्ख उघडी पडली, आणि मग कळलं की पाणी काचेच्या आतून आहे. डाव्या कोपऱ्यात, बरोबर पेट्रोलच्या काड्यांवर, धुक्याचा एक आडवा पट्टा.

साताऱ्यात जुलैमध्ये धुकं पडतं. यवतेश्वरच्या घाटात पडतं, कासच्या पठारावर पडतं, तिथे लोक मुद्दाम गाडी काढून ते बघायला जातात. पण मीटरच्या आत धुकं पडायला ते काय थंड हवेचं ठिकाण आहे?

"अहो, घाम आलाय त्याला. तुम्ही इतक्या वेळा बघता, कुणालाही येईल," ही म्हणाली.

गाडी आषाढ लागायच्या आत घ्यायची, असा सासूबाईंचा आग्रह होता. त्यामुळे ज्येष्ठ संपता संपता ती आली. चाकाखाली लिंबं झाली, टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक झालं, शोरूमच्या पोरांनी पुठ्ठ्याची परातीएवढी चावी माझ्या हातात देऊन फोटो काढला आणि टाळ्या वाजवल्या. छप्पन्नाव्या वर्षी आपल्यासाठी टाळ्या वाजण्याचे प्रसंग फारसे उरलेले नसतात. सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभाच्या आधीचा हा बहुधा शेवटचाच. त्या टाळ्यांच्या गुंगीत मी नऊ दिवस होतो.

नंतर कॉलनीतल्या मंडळींनी काच पाहिली. आमच्या कॉलनीत कुणाच्याही गाडीला काही झालं की गाडीभोवती आधी माणसं जमतात आणि मग मतं. एक जण म्हणाले, हेअर ड्रायर मारा. दुसऱ्यांनी तो मारू नका, आतली स्क्रीन काळी पडेल, असं सांगितलं. नव्या बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या मीटरला बांधण्याचाही सल्ला आला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा मोबाईल बादलीत पडला होता, तो त्यांनी दोन दिवस तांदळात पुरून वाचवला होता. त्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "तांदळात ठेवून बघितली का?" मी मनातल्या मनात मोटारसायकल बुडेल एवढ्या इंद्रायणीचा हिशेब केला आणि गप्प बसलो.

शोरूमला गेलो. तिथे आता मिस्त्री भेटत नाही, सर्व्हिस अॅडव्हायझर भेटतो. त्याच्या हाती पाना नसतो, टॅब असतो. त्याने काचेकडे पाहिलं आणि डॉक्टर जसे 'हवा बदललीय' म्हणतात त्या आवाजात म्हणाला, "नॉर्मल आहे सर. पावसाळ्यात सगळ्यांना येतं."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण नव्या गाडीच्या मालकाला आपला आजार सगळ्यांना होणारा आहे हे ऐकायचं नसतं. मी हटून बसलो तेव्हा त्याने नीट समजावलं, आणि खरं सांगायचं तर ते पटलं. मीटर म्हणजे बंद डबी वाटते, पण ती पूर्ण बंद करता येत नाही. उन्हात आतली हवा तापते, फुगते; तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती रबराच्या सांध्यांवर जोर काढेल. म्हणून डबीला एक बारीकसं श्वासाचं छिद्र ठेवतात. हवा जाते तशीच परतही येते, आणि जुलैत येताना ओल घेऊन येते. रात्री काच गार पडली की ती ओल काचेवर बसते. दिवसभर गाडी चालली की उडून जाते. म्हणजे माझा मीटर श्वास घेत होता, एवढंच. "दोन-चार दिवसांत गेलं नाही, थेंब ओघळायला लागले, तर मात्र आणा," असंही त्याने सांगितलं.

या मुलाशी माझी आधीची एक ओळख होती, ती सांगायची नव्हती पण सांगतो. गाडी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तक्रार घेऊन गेलो होतो की हेडलाइटचं बटण बसवायचं राहून गेलंय. माझी आधीची गाडी पंधरा वर्षं जुनी. मधल्या काळात, १ एप्रिल २०१७ पासून, आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागणार आणि बंद करता येणार नाही असा नियम झालाय, हे मी वाचलं असणार. पण पेपरात वाचलेलं आपल्याला लागू होतं असं कुठे वाटतं? त्या मुलाने तेव्हा हसू टॅबमागे लपवलं होतं.

मला हा नियम माहीत नव्हता हे समजू शकतं, पण अजूनही रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना तो माहीत नाही. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाताना रोज कुणी ना कुणी समोरून येत हाताचा पंजा उघडझाप करून दाखवतं: लाइट चालू आहे. अनोळखी माणूस स्वतःच्या गाडीचा तोल सांभाळत, एक हात सोडून, तुमची बॅटरी वाचवायला बघतो. "काका, स्टँड!" हे तर आपलं राष्ट्रीय आरोळीगीत आहे. आता स्टँड खाली असेल तर मीटरवर लाल खूण येते, कित्येक गाड्यांचं इंजिनच गिअर टाकताक्षणी बंद पडतं, पण ओरडणारे थांबलेले नाहीत. मीटरमध्ये धुकं असो की नसो, रस्त्यावरचा हा मीटर मात्र चोख चालतो.

काचेचं धुकं ऊन पडलं तसं विरलं, आणि त्यामागे झाकलेला खरा रुग्ण दिसू लागला: पेट्रोलच्या काड्या.

एका रविवारी आम्ही दोघं यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालो. सांबरवाडीच्या वळणांवर चार काड्यांच्या दोन झाल्या. हिला सांगितलं नाही. पुढच्या चढाला एकच राहिली आणि ती मिचकावू लागली. तो पंचवीस किलोमीटरचा रस्ता मी असा चालवला की जणू पेट्रोल चमच्याने मोजून घालतोय. हिने दोनदा विचारलं, "एवढी हळू का?" मी म्हटलं, "निसर्ग बघ." परतताना उतार लागला आणि काड्या एकेक करून परत आल्या: दोन, तीन, चार. घाट उतरून गावात आलो तेव्हा निघताना होतं तेवढंच पेट्रोल दिसत होतं. चढणीला गरिबी आणि उताराला श्रीमंती!

यातही गाडीचा फार दोष नाही. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, तो दांडीवर वरखाली होतो आणि त्या हालचालीवरून काड्या ठरतात. मोटारसायकलची टाकी खोगिरासारखी असते, मध्ये पोकळ आणि दोन्ही बाजूंना लोंबती. गाडी चढाला लागली की पेट्रोल मागे सरकतं, उताराला पुढे, साइड स्टँडवर लावली की डावीकडे. फ्लोट बिचारा एकाच जागी बसून जे समोर येईल तेच सांगतो. शिवाय खड्ड्यागणिक काड्या नाचू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम मंद केलेलं असतं. आपल्या रस्त्यांवर हे औदार्यच म्हणायचं. पण इतकं कळूनही माझी गाडी जरा जास्तच मनावर घेणारी आहे असं मला वाटतं.

आमच्या वडिलांच्या गाडीला असली भानगडच नव्हती. ती टू-स्ट्रोक होती, धूर सोडायची, आणि तिला पेट्रोलचा मीटर नव्हताच. टाकीखाली कॉक. गाडी भर रस्त्यात आचके द्यायला लागली की वडील खाली न बघता डावा हात गुडघ्याजवळ नेऊन कॉक रिझर्व्हला फिरवायचे, आणि गाडी पुन्हा सुरळीत. बोलणं तोडायचे नाहीत. रोज सकाळी टाकीचं झाकण उघडून, गाडी दोन्ही हातांनी हलवून आत बघायचे. पेट्रोलच्या हिंदकळण्याच्या आवाजावरून सांगायचे, "कोरेगावला जाऊन येईल."

वेगाचा काटा होता, पण त्याची केबल मी तिसरीत असताना तुटली आणि नंतर कुणी जोडली नाही. आता वाचलं तेव्हा त्या काट्याची गंमत कळली. पुढच्या चाकावरून निघालेली केबल मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, तिला काटा जोडलेला. चुंबक वाटीला कुठेच शिवत नाही. नुसता जवळ फिरतो, आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते म्हणून ती पुरती फिरत नाही, वेगाच्या मानाने तेवढीच कलते. ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या याच ओढीवर चालल्या. सासरच्या माणसासारखी ही रचना आहे, हे माझं मत मी घरी अजून बोललेलो नाही.

तर वडिलांच्या गाडीची केबल तुटली त्याबरोबर किलोमीटरचा आकडाही थांबला. पुढे बारा वर्षांनी गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, "किती फिरलीय?" वडील खोटं बोलत नसत. म्हणाले, "मीटरवर लिहिलंय तेवढी तर नक्की."

माझ्या मीटरचा आकडा इलेक्ट्रॉनिक आहे, झळझळीत. पण मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याने वाढे फाट्याजवळ हायवेला मोबाईल लावून ताडून पाहिलं: मीटर साठ, मोबाईल छप्पन्न. मला वाटलं, आता सापडली चोरी. पण ही चोरी कायदेशीर निघाली. वाहनांच्या वेगमापकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम आहे, तो सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर काही मर्यादेपर्यंत चालेल. टायर झिजतो, त्याचा घेर बदलतो, हवा कमीजास्त होते. कितीही नेमकं केलं तरी फरक पडणारच, मग तो सुरक्षित बाजूला पडू दे. आपल्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, त्याच न्यायाने.

घड्याळावरून आठवलं. मीटरमधलं घड्याळ आठवड्याला तीन मिनिटं मागे पडतं. याचा अर्थ लक्षात आला तेव्हा मी गाडी कडेला घेऊन थोडा वेळ हसलो. वेग खऱ्यापेक्षा जास्त, वेळ खऱ्यापेक्षा कमी. म्हणजे माझ्या गाडीच्या हिशेबाने आम्ही वेगाने जातो आणि लवकर पोचतो. ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्राला हे मान्य नाही, तो भाग वेगळा.

हिरवा न्यूट्रलचा दिवाही अधूनमधून लागत नाही. त्याचं काही विशेष वाटत नाही. सिग्नलला क्लच सोडून बघायचं. गाडीने उडी मारली तर न्यूट्रल नव्हतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी कागदावर यादीच नेली. त्या मुलाने टॅबवर एकेक ओळ टाइप केली. धुक्याचा पट्टा परत आला होता आणि आता एक थेंबही ओघळला होता, त्यामुळे या वेळी त्याला 'नॉर्मल' म्हणता आलं नाही. "क्लेम टाकतो सर. अख्खी मीटर असेंब्ली बदलून मिळेल, वॉरंटीत. पार्ट वरून यायला लागेल." वरून म्हणजे कुठून, हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. पाऊस आणि पार्ट वरून येतात.

"फक्त एक," तो म्हणाला, "नवीन मीटर शून्यापासून चालू होईल. जुना आकडा जॉब कार्डवर लिहून शिक्का मारून देतो."

आकडा होता सातशे बारा. त्यात कासचे पन्नास होते, ज्यांत मी चमच्याने पेट्रोल घातलं होतं. मुलाने वाढे फाट्याला मारलेल्या चकरा होत्या. सासूबाईंना मागे बसवून औदुंबराच्या पारापर्यंत नेलेलं अडीच किलोमीटर होतं, पाच वेळा थांबून.

"गडबड आहे का?" मी विचारलं. "म्हणजे, पाऊस संपला की केलं तर?"

त्याने टॅबवरून मान वर केली. यादी घेऊन येणारा आणि मग नको म्हणणारा गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. "वॉरंटी आहे सर. तुम्ही म्हणाल तेव्हा."

येताना मीटरवर एकच काडी होती, मिचकावत होती. पंपावर गाडी लावली. झाकण उघडलं आणि सवयीने, म्हणजे माझ्या नव्हे, वडिलांच्या सवयीने, दोन्ही हातांनी गाडी हलवून आत कान लावला. चांगलं भरदार हिंदकळलं.

"काका, शून्य बघून घ्या," पंपावरचा पोरगा म्हणाला. बघितलं. तो मीटर कोरडा ठणठणीत होता. "किती टाकू?"

"फुल कर."

तीन लिटरलाच टाकी काठाला आली. पोरग्याने वाकून माझ्या मीटरकडे पाहिलं. तिथे अजूनही तीच एक काडी, मिचकावणारी. "काका, नवीन गाडी आहे ना? शोरूमला दाखवून घ्या हे."

"आत्ता तिथूनच आलो," मी म्हटलं.

पोवई नाका येईपर्यंत दुसरी काडी उगवली. राजवाड्यापाशी तिसरी. घराच्या फाटकात गाडी साइड स्टँडवर लावली तेव्हा पाच होत्या, आणि गाडी डावीकडे कलली तशी त्यातली एक गेली.